दुखलं तर डावा हात

माझी दाढ ठणकायला लागली तेव्हा माझा आणि मेहुण्याचा अबोला अगदी रंगात आला होता. मेहुणा दातांचा डॉक्टर. भांडण इस्टेटीवरून असतं तर निदान लोकांना सांगता तरी आलं असतं. त्याच्या मुलीच्या वाढदिवसाला त्याने आपल्या लाडक्या पॉप गायिकेचं गाणं लावलं आणि मी म्हणालो, "ही बाई नुसते ओठ हलवते, गातं ते मशीन." तो म्हणाला, "भाऊजी, तुमच्या रॉकवाल्यांना सूरच तीन येतात, आणि त्या तिघांचंही एकमेकांशी पटत नाही." मी अर्धा केक बशीत टाकून उठलो. तेव्हापासून त्याचा फोन नाही आणि माझाही नाही.

खरं सांगतो, मला करमत नव्हतं. माझ्या लाडक्या रॉक बँडवर इतक्या पोटतिडकीने तुटून पडणारा दुसरा माणूस माझ्या ओळखीत नाही. ऑफिसात विषय काढावा तर सगळे "छान, छान" म्हणून कामाला लागतात. त्यात काय मजा? पण आधी बोलायचं कोणी? वयाने मी मोठा, आणि नाकानेही.

"आरशात गाल बघा," बायको म्हणाली. "माझ्या भावाकडे जाताय, की मी पक्कड आणू?"

मी त्याच्या दवाखान्यातल्या खुर्चीत आडवा झालो. मेहुण्याने मास्क चढवला आणि माझ्याकडे न बघता, सगळ्या पेशंटना सांगतो तसं सांगितलं, "दुखलं तर डावा हात वर करा." मग जबडा उघडा राहावा म्हणून दातांमध्ये रबरी ठोकळा सरकवला, लाळ ओढायची नळी अडकवली. आता मला एक अक्षर बोलता येत नाही याची खात्री पटल्यावर गडी सुरू झाला.

"तर तुमचा तो ड्रमवाला. ताल धरतो की पत्रे ठोकतो?"

मी हात वर केला.

"दुखतंय?" त्याने भुलीचं इंजेक्शन दिलं. "आणि तो गायक! गातोय की त्याचं बोट दारात सापडलंय?"

पुन्हा हात, पुन्हा सुई. माझा निम्मा चेहरा दुसऱ्या कोणाचा तरी झाला. गाडी गिटारवाल्यावर आली आणि माझा हात परत वर गेला, तेव्हा मात्र तो थबकला.

"भाऊजी, हे दाढेचं दुखणं नाही ना? हरकत आहे का?"

मी जोरात मान डोलावली. त्याने जरा विचार केला.

"बरं. दुखलं तर डावा. हरकत असेल तर उजवा."

उजवा तत्काळ वर गेला. त्याने खरोखर ड्रिल बंद केलं, नळी काढली, ठोकळा काढला आणि म्हणाला, "बोला."

इतके महिने घोटून ठेवलेलं उत्तर मी दिलं. बाहेर आलं ते "फफ्फू फा" आणि शर्टभर लाळ.

"मुद्दा चांगला आहे," तो गंभीरपणे म्हणाला. "पण पटत नाही."

मग त्याने मुद्दाम त्या बाईचं गाणं लावलं आणि कामाला लागला. मध्येच ड्रिल थांबलं. तो माझ्या बुटाकडे बघत होता. माझा पाय ठेका धरत होता. मी लाजेने डोळे मिटून घेतले. त्याने फक्त आवाज थोडा वाढवला.

रूट कॅनालच्या पुढच्या खेपांना मी वेळेआधीच जाऊन बसायचो. भूल कमी लागायची, उजवा हात जास्त. शेवटी एक दिवस त्याने दाढेवर टोपी बसवली आणि हातमोजे काढले.

"झालं. आता यायची गरज नाही."

मी उठेनाच. "ही पलीकडची पण बघ जरा," मी म्हणालो. "ठणकते."

त्याने तोंडात आरसा घातला, एकेक दाढ ठोकून बघितली आणि मास्क खाली ओढला.

"ठणठणीत आहे, भाऊजी. रविवारी घरी या की. भांडायला दाढ कशाला दुखायला हवी?"

मी उजवा हात वर केला.

"आता कसली हरकत?"

"रविवार लांब आहे," मी म्हणालो.