दुपारी बाराचा पाऊस

डेला क्राउसकॉफच्या हवामान-मॉडेलमध्ये मैदानी प्रदेशातला पाऊस दुपारी बारालाच पडायचा. खरा पडायचा संध्याकाळी. हा घोळ प्रयोगशाळेत सगळ्यांना ठाऊक होता. पण ढग कधी उसळायचा हे ठरवणारं सूत्र अकरा वर्षांपूर्वी डेलानंच लिहिलेलं, त्यामुळे तिच्या तोंडावर कुणी बोलत नसे.

रूफस अबेटा बोलला. ओक्लाहोमाच्या गव्हाच्या पट्ट्यात तो तीस वर्षं हवेची ओल नि तापमान मोजणारे फुगे सोडत होता. जूनमध्ये डेला आठवडाभर मोजमापांसाठी आली, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यानं विचारलं, "तुझ्या संगणकातली माणसं जेवतात कुठे? छत्रीखाली?"

"हसून घे. वर्षाचा एकूण पाऊस बरोबर येतो माझा."

"एकूण घेऊन काय करू? दिवसभर तापलेली जमीन वेगळी, बाराला भिजलेली वेगळी."



दुसऱ्या दिवशी त्यांनी तासातासाला फुगा सोडला. एकच्या सुमारास फ्लॉवरच्या गड्ड्यांसारखे ढग वर आले आणि बघता बघता विरले.

"गेले," रूफस म्हणाला. "वरची कोरडी हवा खाते त्यांना. असे पंधरा-वीस मेले की वर ओल साचते. मग एखादा त्यातून वाचून वर सुटतो."

फुग्यांचे आकडेही तेच सांगत होते. साडेपाचला एक ढग सुटला. गारा पडायला लागल्या तशी दोघं धावत ट्रकमध्ये शिरली. टपावर ताशा वाजत असताना डेला म्हणाली, "माझ्या सूत्रात ढगात कोरडी हवा शिरतच नाही म्हटलं तरी चालेल. किती शिरते तो आकडा मी मुद्दाम कमी ठेवलाय."

"का गं?"

"तसा ठेवला की समुद्रावरचा पाऊस जुळायचा. आता वाढवला तर तिकडे बिघडेल."

"बिघडू दे की. निदान कुठे बिघडलंय ते तरी दिसेल."

हिवाळाभर तिनं सूत्र नव्यानं लिहिलं. मैदानी प्रदेशातला पाऊस साडेतीनपर्यंत सरकला. खऱ्यापेक्षा अजून दोन तास लवकरच. समुद्रावरचा मात्र भीती होती तसाच बिघडला. सहकारी कुरकुरले. डेलानं शोधनिबंधात दोन्ही निकाल मांडले, आणि जुना आकडा आपण सोयीसाठी निवडला होता, हे पहिल्याच परिच्छेदात लिहून टाकलं.  पाठवल्यावर ती गाढ झोपली.

पुढच्या वर्षी पॅसिफिकमध्ये फुगे सोडायला जहाज निघणार होतं. तिनं दोन जागा मागितल्या, दुसरीपुढे रूफसचं नाव घातलं. त्याला बोट लागते, हे तिला बंदर सुटल्यावर कळलं.