डाव्या गालावरचा परका हात

‘स्वचित्राच्या डाव्या गालावर परक्या हाताने ढवळाढवळ केली असून त्यामुळे चित्राची हानी झाली आहे,’ असा निष्कर्ष चित्रसंग्रहालयाच्या समितीने काढला. वाक्य घोटीव होते. उजव्या गालावर सुरीने चढवलेले रंगाचे जाड थर समितीला ‘प्रगल्भ वार्धक्य’ वाटले; डाव्या गालावर अंगठ्याने ओढलेल्या चरांना तिने ‘विद्रूपीकरण’ म्हटले. म्हणजे म्हातारपण हवे, पण पायपुसण्यावर पाय पुसून आत येणारे. शिवाय हानी मोजायची तर मूळ चेहरा ठाऊक हवा, आणि तो गाल समितीतल्या कोणी जन्मात पाहिला नव्हता.

तो पाहिला होता म्हाताऱ्या चित्रकर्तीच्या नणंदेने. चित्रकर्तीचा नवरा गेल्यापासून दोघी एकाच घरात राहत, आणि नणंद जेवायला नेहमी तिच्या डावीकडे बसे. चित्र ओले असताना तिनेच फटकारले होते, “वहिनी, हा गाल कोणाचा उसना आणलास? आरशापुढे बसलीस की हनुवटी वर करून कातडी ताणतेस तू. घास चावताना बघ म्हणजे कळेल!”

“स्वतःला चावताना कसं बघू?”

“मग मी कशाला आहे?” असे म्हणत तिने ओल्या रंगात अंगठा रुतवून खाली ओढला. चित्रकर्ती संतापून उठली, आणि चित्राकडे बघताच खाली बसली. आयुष्यभर इतरांचे चेहरे रंगवणाऱ्या बाईला स्वतःचा थकवा प्रथमच दिसला होता. “थांबलात का? कानापर्यंत न्या,” ती म्हणाली.

आता समितीचे चिटणीस जबाब घ्यायला घरी आले होते. “बाई, चर तुमचेच आहेत एवढं म्हणा. चित्र आहे तसं स्वचित्रांच्या दालनात लागेल. दुसऱ्याचा हात निघाला, तर नियमाने ते परत पाठवावं लागेल.”

त्या दालनाची वाट तिने उमेदीची सारी वर्षे पाहिली होती. नणंदेने तिला कोपराने ढोसले. “म्हण गं, तुझेच आहेत. माझ्या अंगठ्याला कुठे मानपत्र हवंय?”

“तुम्ही गप्प बसा, वन्सं.”

चित्रकर्तीने चिटणीसांकडे पाहिले. स्वतःच्या डोळ्यांनी जग पाहिल्याचा तोरा मिरवणाऱ्यांची पुस्तके तिने ढिगाने वाचली होती. आपल्याला रोज कोण पाहते, याची नोंद त्यांत कुठे सापडली नव्हती. तिने जबाब दिला, आणि चिटणीसांनी तो शब्दशः उतरवून घेतला:

“आरोप खरा आहे. डावा गाल माझ्या नणंदेने केला. मला दिसत होता तो गाल मी रंगवला होता, आणि तो खोटा होता. तिला दिसत होता तो खरा निघाला. म्हातारपणी इतक्या जवळून पाहणारं माणूस मला लाभलं, हे लपवून मला दालनातली भिंत नको. चित्र परत पाठवा. पण गालाला हात लावू नका.”