चिंतनाची तीन मिनिटं

रेडिओवरच्या सकाळच्या कार्यक्रमाचा क्रम ठरलेला होता. सातला गाणी, साडेसातला कुणीतरी नामांकित पाहुणा, आणि पाहुणा आटोपला की आठच्या बातम्यांपर्यंत उरेल तेवढ्या वेळात निवेदिका ताईंचं चिंतन. उरेल तेवढ्या, हे महत्त्वाचं. पाहुणा अबोल निघाला तर श्रोत्यांच्या वाट्याला पाच मिनिटं अध्यात्म यायचं, बडबड्या निघाला तर दीड. आठच्या ठोक्याला यंत्र आपणहून बातम्या जोडायचं आणि त्या यंत्रापुढे कुणाचीच डाळ शिजत नसे. तरी एकोणीस वर्षांत ताईंचं एक वाक्यही अर्धवट तुटलं नव्हतं. घड्याळाकडे बघत, बोलता बोलता त्या विचाराला कात्री लावायच्या.

त्या शुक्रवारी मात्र त्यांना पुरती तीन मिनिटं हवी होती. दहा वाजता त्यांना इस्पितळात दाखल व्हायचं होतं आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टर गळ्यातल्या गाठीबरोबर त्यांचं स्वरयंत्रच काढणार होते. जीव बहुधा वाचेल, आवाज नक्की जाईल, असं डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं. ताईंनी हे कुणाला कळू दिलं नव्हतं. केंद्रावर रजेचा अर्ज टाकला होता. आवाजातली खरखर ऐकून श्रोते पत्रांतून गुळण्यांचे सल्ले देत होते.

तीन मिनिटं हवी होती ती दादासाठी.

अकरा वर्षांपूर्वी अशाच एका सकाळी थोरल्या भावाचा केंद्रावर फोन आला होता. "आईचं काही खरं नाही. तुझं नाव घेतेय. असशील तशी ये." ताईंनी निरोप ऐकला, घड्याळ पाहिलं आणि ठरवलं, तासाभराचा तर प्रश्न आहे. त्या दिवशीचं चिंतन आईच्या मायेवर होतं. त्यांनी ते वाचलं, आणि वाईट याचं की फार छान वाचलं. दादाच्या घरी आईच्या उशाशी रेडिओ लावलेला होता. म्हातारी दाराकडे डोळे लावून गेली तेव्हा तिची लेक रेडिओतून मायेचे गोडवे गात होती.

दादानं जाब विचारला तेव्हा ताई म्हणाल्या, "कार्यक्रम सुरू होता रे." एवढंच. त्यानंतर दादानं बहिणीचं तोंड पाहिलं नाही. पत्रं न उघडता परत आली. वहिनीनं एकदा ताईंचा फोन स्पीकरवर लावला, तर दादा उठून बाहेर गेला आणि दोन दिवस बायकोशीही बोलला नाही. पण सकाळचा कार्यक्रम मात्र तो दाढी करताना रोज ऐकायचा. वहिनीनं एकदा धीर करून विचारलं तर म्हणाला, "रेडिओवर ती सगळ्यांची असते. फोनवर माझी बहीण असते."

म्हणजे तेवढी एकच वाट उघडी होती. सोमवारपासून ताईंना रोज संधी होती. पण सोमवारी त्या क्षमेवर बोलल्या, मंगळवारी अहंकारावर, आणि साऱ्या जगाचा अहंकार धुवून काढला, स्वतःचा सोडून. आता शुक्रवार उजाडला होता. हातातल्या कागदावर दोनच ओळी होत्या. 'दादा, त्या दिवशी मी उठून यायला हवं होतं. माझं चुकलं.'

"बुवा, आज मला तीन मिनिटं हवीत. काही झालं तरी," त्यांनी काचेपलीकडच्या तंत्रज्ञाला सांगितलं. डोक्यावर केस नसल्यामुळे सगळे त्याला बुवा म्हणत.

"दिली म्हणून समजा," बुवा म्हणाला.

पाहुणा विनोदी नट होता. नव्या सिनेमात तो घोड्यावरून पडला होता आणि ते पडणं त्याला अथपासून इतिपर्यंत सांगायचं होतं. आधी ताईंच्या बसक्या आवाजाची नक्कल करून तो स्वतःच हसला. मग घोड्याचा स्वभाव, घोड्याचा मालक, घोड्याच्या मालकाची बायको. पावणेआठ झाले तरी स्वारी अजून खोगिरावर चढली नव्हती. बुवानं मुलाखतीच्या मध्ये वाजवायचं गाणं परस्पर गाळलं आणि काचेतून अंगठा दाखवला.

"वा, काय प्रसंग! तर श्रोतेहो..." सात छप्पन्नला ताई मध्ये शिरल्या.

"थांबा थांबा, खरी गंमत तर पुढेच आहे!"

सात अठ्ठावन्नला त्यांनी पुन्हा तोंड घातलं. नटानं हात वर करून त्यांना गप्प केलं. बुवाच्या मागे उभे असलेले केंद्राचे साहेब पोट धरून हसत होते आणि बोट गोल फिरवून खुणावत होते, चालू द्या, चालू द्या. ताईंचं बोट नटाच्या माइकच्या बटणावर होतं. दाबलं की काम फत्ते. पण पाहुण्याचा आवाज मध्येच मारायचा नाही, हे त्यांना पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. काय ही शिस्त! कशापायी? ताईंनी बटण न दाबताच बोट उचललं.

नट एकदाचा घोड्यावरून पडला. घड्याळात बारा सेकंद उरले होते.

बारा सेकंद पुष्कळ झाले. दोन ओळी बसल्या असत्या. ताईंनी श्वास घेतला, समोरच्या कागदाकडे पाहिलं, काट्याकडे पाहिलं, आणि एकोणीस वर्षांची सवय त्यांच्या तोंडून बोलू लागली. "आपण आलात, खूप आभार. श्रोतेहो, आता आठ वाजताहेत, ऐकू या बातम्या. आनंदात राहा."

वाक्य बरोब्बर ठोक्यावर संपलं. माइकवरचा लाल दिवा विझला.

"काय टायमिंग आहे हो तुमचं!" नट म्हणाला.

ताईंनी कागदाची घडी केली आणि पर्समध्ये टाकली. बुवानं काचेपलीकडे कानांवरचे हेडफोन काढून ठेवले. त्याला काही माहीत नव्हतं, पण त्याचा चेहरा पडला होता.

इस्पितळाच्या नोंदणीच्या रांगेत त्यांच्या फोनवर वहिनीचा निरोप आला. "हे चिडलेत. म्हणाले, त्या नटानं चिंतन खाल्लं. आणि ताई, अकरा वर्षांत पहिल्यांदा यांनी आपणहून विचारलं, उद्या ती कशावर बोलणार आहे?"

ताईंनी तो पुन्हा पुन्हा वाचला. रांग पुढे सरकली तेव्हा मागच्या बाईनं त्यांना खांद्याला स्पर्श करून भानावर आणलं. मग त्यांनी उत्तर लिहिलं.

"उद्यापासून चिंतन नाही. गाणीच लावणार आहेत."