पातेल्याची दुपारची झोप

सून घरात आली तशा तिच्या सवयीही तिच्या मागोमाग आल्या. भाजी धुतलेलं पाणी ती मोरीत सोडत नसे, कुंड्यांना घाली. माझे फाटके सदरे कापून तिने पुसायची फडकी केली आणि कागदी रुमाल घरात यायचे बंद झाले. खोलीतून कोणी बाहेर पडलं की ती मागून जाऊन दिवा बंद करी. माझा मुलगा वायरमन. तो म्हणायचा, गावभर उजेड पाडून घरी यावं तर बायको अंधारात बसवते. पण म्हणताना हसायचा, म्हणजे त्याचंही फारसं काही बिघडत नव्हतं.

या सगळ्याला घरात कोणी आडवं गेलं नाही. गाडी अडली ती शेगडीपाशी.

शेगडी माझ्या थोरल्या बहिणीची. मी तिला ताई म्हणतो, बाकी सगळे आत्या. मेहुणे गेल्यावर ती आमच्याकडे राहायला आली. त्याआधी तिची हयात एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात गेली होती. माझी बायको चिरून, निवडून, मळून द्यायची, पण विस्तवापाशी उभी राहायची ती ताईच. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात. माझ्या बायकोने आपली तलवार केव्हाच खुंटीला टांगली होती आणि त्यात ती सुखी होती.

सुनेचं म्हणणं साधं होतं. हरभरे रात्री भिजवायचे, सकाळी त्यांना थोडा वेळ चांगली उकळी द्यायची, आणि मग गॅस बंद करून पातेलं झाकणासकट उबेत गुंडाळून ठेवून द्यायचं. उरलेलं ते आपल्या उष्णतेवर शिजतं. तिच्या आईकडे तसंच करत. दिवसभर शेगडी जाळायची गरज काय, असं तिने विचारलं. ताई काही बोलली नाही. ताई बोलत नाही तेव्हा जपून राहावं लागतं.

सून खाली माझ्या दुकानात आली. मी गाद्या-उशा भरतो. म्हणाली, बाबा, ऊब धरून ठेवणारी वस्तू तुमच्याइतकी चांगली कोण करणार? हरभऱ्यासाठीच आली होती आणि मला हरभऱ्याच्या झाडावर चढवून गेली. मी लगेच कामाला लागलो. एक जुनी लाकडी पेटी घेतली. जुन्या गाद्यांचा कापूस पुन्हा पिंजून तिच्यात भरला आणि मधोमध पातेलं बसेल एवढी खोल जागा ठेवली. वर दाबून बसायला एक जाडजूड उशी शिवली, तिला पांढरा अभ्रा घातला. मुलाने पेटी पाहिली आणि तिचं नाव पाळणाघर ठेवलं.

त्याच संध्याकाळी ताई जिना उतरून दुकानात आली आणि कापसाच्या गठ्ठ्यावर बसली. कापूस कुरवाळत म्हणाली,

"अरे, पातेलं आपलं आपण शिजायला लागलं, तर मी दिवसभर करू काय?"

मी म्हटलं, अगं, फक्त कडक कडधान्यापुरतं आहे ते.

"आज हरभरे, उद्या भात, परवा मी," ती म्हणाली. "मलाही घाला त्या पेटीत आणि वर उशी दाबा."

चेष्टेत म्हणाली, पण डोळे चेष्टेचे नव्हते. एका बाजूला सुनेचा हौसेने उजळलेला चेहरा आणि दुसऱ्या बाजूला ही. माझी अवस्था दोन गाद्यांच्या मधल्या फटीत पडल्यासारखी झाली.

पहिल्या दिवशी पातेलं उघडलं तेव्हा ते कोमट होतं आणि हरभरे कच्चे. सुनेने ते शेगडीवर चढवले. दुसऱ्यांदा केलं तेव्हाही तेच. ताईने एक हरभरा ताटात टाकला, तो टणकन उडाला.

"सूनबाई, जेवायला बसायचं की गोट्या खेळायच्या?"

मुलगा हसला आणि बायकोकडे पाहून गप्प झाला. मला वेगळीच काळजी. कापूस माझा, पिंजण माझं. मी पेटी खाली नेली, सगळा कापूस उपसून पुन्हा पिंजला, बाजू आणखी दाबून भरल्या. तिसऱ्या खेपेलाही हरभऱ्याने दात दाखवले.

मग सून मला म्हणाली, "बाबा, रविवारी शेवटचं करते. नाही जमलं तर पेटी दुकानात परत घ्या. मी पुन्हा नाव काढणार नाही."

ती बालवाडीत शिकवते. मुलांनी रंग सांडला तरी तिचा आवाज चढत नाही. त्या दिवशी आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता, आणि तेच मला लागलं. या घरात ती पाण्याच्या थेंबासाठी आणि दिव्याच्या बटणासाठी सगळ्यांच्या मागे धावत होती. ही पेटी हरली असती तर तिने तेही सोडून दिलं असतं आणि पाहुण्यासारखी राहिली असती.

रविवारी सकाळी तिने उशीचा अभ्रा धुवायला काढला आणि तो उजेडात धरला. मग तिने सगळ्यांना हाक मारली. आम्ही जमलो. पांढऱ्या अभ्र्याच्या एका कोपऱ्यावर पिठाची बोटं होती. पिठाची बोटं माझ्या बायकोची. दुसऱ्या कोपऱ्यावर काळे ओरखडे, ते वायरमनचे. मधोमध तेलाचा अंगठा, एकदा नाही, कितीदा तरी, एकावर एक. तो कोणाचा हे सांगायला नको. आणि कडेला कापड आखायच्या निळ्या खडूची खूण. तसला खडू या घरात एकाच माणसाच्या खिशात असतो, आणि तो माणूस मी.

पेटी चोरून उघडणारा चोर शोधायला गेली आणि सगळं घरच सापडलं. सुनेला हसू आवरेना, ती तिथेच जमिनीवर बसली. बायको म्हणाली, मला वाटलं करपतंय की काय. खाली विस्तव नाही तर करपेल कसं, असं मुलाने विचारलं. त्यावर, तू तोंड उघडू नकोस, तू तर हाताने चाखायला गेला होतास, असं आईने त्याला सुनावलं. मी म्हटलं, मी फक्त कापूस खाली बसला का ते बघत होतो. ताई मात्र ठाम होती. उघडून पाहिल्याशिवाय शिजतंय हे कळणार कसं? जन्मात तिने पातेल्यावर झाकण ठेवून पाठ फिरवली नव्हती.

"म्हणजे दर थोड्या वेळाने आपण त्याला उठवत होतो," सून म्हणाली. "बिचारं झोपणार कधी?"

तिने हरभऱ्यांना उकळी दिली, पातेलं पेटीत ठेवलं, धुतलेला अभ्रा वाळायच्या आतच जुन्या चादरीत गुंडाळलेली उशी वर दाबली. आणि मग आम्हा सगळ्यांना घराबाहेर काढलं. कुलूप लावलं, किल्ली आपल्या पिशवीत टाकली. ताई दारात अडून बसली. अन्न शिजत असताना घर सोडून जाणं तिला पटत नव्हतं. शेवटी सुनेने तिचा हात धरला आणि ती चपलांत पाय घालत, कुरकुरत निघाली.

आम्ही तळ्यावर गेलो. तिथे भाड्याने होड्या मिळतात. ताई बाकावर बसली, पण बसली कसली. मांडीवर तिचा हात आपोआप गोल फिरत होता. आता पाणी आटलं असेल, आता खाली लागलं असेल, असं ती दर थोड्या वेळाने म्हणायची.

मुलाने एक होडी घेतली आणि आम्हाला तिच्यात बसवलं. पठ्ठ्याला वल्हं मारता येत नव्हतं. होडी जागच्या जागी गिरक्या घ्यायला लागली. माझ्या बायकोने डोळे मिटून काठ घट्ट धरला. काठावरची माणसं बघून हसत होती.

ताईने थोडा वेळ सहन केलं. मग ती सरकली.

"अरे, ढवळतोस काय? ओढ. सरक, दे इकडे."

वसतिगृहात तिच्या कमरेएवढाली भांडी असत आणि ती लाकडी वल्ह्यासारख्याच दांड्याने ढवळावी लागत. हे मला ठाऊक होतं, पण ठाऊक असणं वेगळं आणि पाहणं वेगळं. तिने पाय पुढच्या फळीला टेकले, पाठ ताठ केली आणि दोन्ही वल्ही ओढली. होडी एकदम सरळ झाली आणि सुटली. पाणी दोन्ही बाजूंनी फाटत गेलं. तरण्या पोरांची एक होडी मागे पडली, मग दुसरी. पोरांनी टाळ्या वाजवल्या. ताईच्या केसांच्या बटा सुटल्या होत्या, तोंडावर पाणी उडत होतं, आणि ती हसत होती. लहानपणी आम्ही दोघं गवताच्या गंजीवरून घसरायचो तेव्हा हसायची तसं, तोंड भरून. तिने तळ्याला पूर्ण फेरी मारली, मग दुसरी. वेळ संपली म्हणून होडीवाल्याने शिट्टी मारली तर तिने ऐकूनही न ऐकल्यासारखं केलं.

काठावर उतरताना होडीवाला म्हणाला, आजी, रविवार सोडून दुपारी इथे चिटपाखरू नसतं, होड्या नुसत्या बांधून असतात. कधीही या. ताईने नुसती मान हलवली.

परतताना पुढे सून होती आणि तिची चाल अशी की आम्हाला धाप लागली. ताई सगळ्यांत मागे, आपले तळहात उलटेसुलटे करून बघत चालली होती. पातेल्याचा विषय तिने काढलाच नाही. मला वाटतं ती ते विसरून गेली होती.

कुलूप उघडलं. सुनेने उशी उचलली, झाकण काढलं, आणि वाफेचा लोट तिच्या तोंडावर आला. तिने पळी ताईच्या हातात दिली. ताईने एक हरभरा काढला, फुंकला, दोन बोटांत धरला. तो लोण्यासारखा दबला. मग तिने तो तोंडात टाकला आणि सावकाश चावला. तेवढ्या वेळात मी सुनेकडे बघत होतो आणि ती ताईकडे.

"मीठ कमी आहे," ताई म्हणाली.

सुनेची मान खाली गेली.

"मीठ कमी आहे म्हटलं, कच्चे आहेत असं नाही म्हटलं. शिजलेत असे की मला जमले नसते. ताटं घ्या, भुकेने जीव चाललाय."

त्या दिवशी पातेलं निपटून स्वच्छ झालं. भांड्याला काही लागलंच नव्हतं, त्यामुळे घासायला थोडंच पाणी पुरलं, हे सुनेने सांगितलं आणि कोणी तिला टोकलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडायला निघालो तेव्हा स्वयंपाकघरात शेगडी गार होती. पेटीवर उशी बसलेली होती आणि तिच्यावर ताईने आपला जड पाटा आडवा ठेवला होता, म्हणजे कोणाला सहजासहजी उचलता येऊ नये. ती स्वतः डोक्याला फडकं बांधून दारात उभी होती.

"मी तळ्यावर जाऊन येते," ती घरभर ऐकू जाईल असं म्हणाली. "पातेलं निजलंय. कोणी उठवलंत तर माझ्याशी गाठ आहे."

आणि ती जिना उतरून गेलीसुद्धा.