हिरोचा कान

सोलांजबाईंनी फ्रान्समधल्या दिजों शहराच्या ‘एतोल’ थिएटरवर बावीस वर्षं सिनेमाचे फलक रंगवले, पण नव्या सिनेमाचा हिरो आर्मां वेर्दिये याच्या चेहऱ्याने त्यांच्या नाकी नऊ आणले होते. तीनदा रंगवला, तीनदा पुसला. दर वेळी सोललेलं अंडं तयार! त्याउलट सिनेमात जेमतेम दहा मिनिटं दिसणारा, वेटरचं काम करणारा नट फिर्मां ब्रुशे. बटाट्यासारखं नाक, तीन रात्री झोप नसल्यासारखे डोळे. बाईंचा ब्रश त्याच्यावर असा रमला, की दोन पुरुष उंच वेटर झाला आणि हिरो गेला कोपऱ्यात.

मालक तिव्होले यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“अहो, चार वाजता हिरो स्वतः येतोय! त्याला राग आला तर तुम्ही ब्रश गुंडाळा. उद्यापासून मी पॅरिसहून छापील पोस्टर मागवतो.”

“सिनेमा कंपनीने पाठवलेला त्याचा हा फोटो बघा, मालक. यात धरायला काही आहे का?”

“चेहरा आहे की!”

“तोच तर नाहीये.”

बाईंना आता खरोखर भीती वाटत होती. दुसरं कुठलं काम त्यांना येतच नव्हतं.

चारच्या ठोक्याला गाडी आली. वेर्दिये उतरला, त्याने वर बघितलं आणि तो खो खो हसत सुटला. “अरे, हा तर आपला फिर्मां! आता कॉफी आणून देईल!” मग कोपऱ्याकडे बोट करून त्याने विचारलं, “आणि हे साहेब कोण?”

मालकांचं धाबं दणाणलं.

“तुम्हीच,” बाई म्हणाल्या. आणि बघतच राहिल्या. त्याच्या डाव्या भुवईत व्रण होता. एक कान चांगला ऐसपैस बाहेर आलेला. “हे फोटोत कुठाय?”

“कंपनीवाले खोडून टाकतात हो. लहानपणी सायकलवरून पडलो होतो.”

“मग इथेच उभे राहा. हलू नका!”

बाई शिडीवर चढल्या. ब्रशचे चार फटकारे व्रणाला, सहा कानाला. समोरची भाजीवाली ओरडली, “अगंबाई, हा तर तोच की!”

वेर्दिये मान वर करून बघत होता. “कान जरा आत घेता येईल?”

“नाही.”

“बरं झालं,” तो हळूच म्हणाला. “आई कंपनीचे फोटो परत पाठवते. म्हणते, हा माझा पोरगा नव्हे.”

बाईंनी कान आणखी बोटभर मोठा केला. खाली मालक मुकाट्याने शिडी धरून उभे होते.