छपराखालच्या दोन काठ्या

मी स्टॉकहोमच्या एका रस्त्याची तसबीर बोलतेय. माझ्यात नुसता बर्फ. मला बघून पाहुणे शाली आवळून घेतात, तेवढाच माझा दरारा.

अठराशे ऐंशीच्या हिवाळ्यात टेक्ला नावाच्या चित्रकर्तीनं आपल्या खिडकीत बसून मला रंगवलं. समोरच्या छपरावर बर्फ पार पुढे लोंबत होता. असं झालं की खाली भिंतीला दोन लांब काठ्या तिरक्या लावतात, म्हणजे लोक लांबून जातात. पण घरमालक वेनरक्विस्ट राखणदार यूनासला म्हणाले, "काठ्या लावल्यास तर माझ्या दुकानात गिऱ्हाईक शिरेल का? राहू दे."

यूनासची बायको मालिन त्याच्यासाठी वाटाण्याचं कढण घेऊन यायची. टेक्लानं तिलाही माझ्यात घेतलं.

"मला जाड काढू नका हो," मालिन खालून सांगायची. "तीन शाली घातल्यात म्हणून तशी दिसते."

"दोनच आहेत," यूनास म्हणायचा.

मी पूर्ण झाले, आणि त्याच आठवड्यात छपरावरचा बर्फ घसरला. मालिन खाली होती. वाचली नाही.

मालक टेक्लाकडे आले. "चित्रात दोन काठ्या काढा, बाई."

"काठ्या नव्हत्या तिथे."

"होत्या. आणि ही खोलीही माझीच आहे, नाही का?"

टेक्लानं काठ्या काढल्या. फक्त आधी त्या जागी तेलाचं बोट फिरवलं. तेलकटावर रंग धरत नाही.

मग मला पुरावा म्हणून कोर्टात उभं केलं. "काठ्या माझ्या कोठीत होत्या, साहेब," यूनास सांगत राहिला. पण माझी चौकट सोनेरी, त्याचा कोट ठिगळांचा. मालिनच बेफिकीर होती, असं ठरलं. मी गप्प. मला तोंड नाही, ही सबब बरी आहे.

मालकांनी मला विकत घेऊन दिवाणखान्यात शेगडीशेजारी टांगलं. ती शेगडी यूनासच पेटवतो. इतकी वर्षं त्यानं माझ्याकडे मान वर करून पाहिलं नव्हतं.

आज एका काठीचा पोपडा त्याच्या हातावर पडला. त्यानं तो बोटांत चुरला, मग माझ्याकडे पाहिलं. पोपडा सुटला होता तिथे खाली कोरा बर्फ.

"यूनास, खोली गार आहे रे," मालक आतून म्हणाले. "न्यायाधीश साहेब जेवायला यायचेत. चांगली पेटव."

"पेटवतो, मालक."

तो ओंडके भरत सुटलाय. दुसरी काठीही फुगलीय. माझ्याही अंगाला भेगा पडताहेत. छपरावरून एक सरळ खाली उतरलीय. माझं व्हायचं ते होवो.

यूनास, आणखी एक घाल, बाबा.