दोन घावांच्या मधे

लक्ष्मण सुतार एक खिळा ठोकी आणि थांबे. हातोडी खांद्याशी धरून, मान किंचित कलती करून, स्वतःच्याच पायांखाली कान लावल्यासारखा तो क्षणभर निश्चल राही आणि मगच ओठांत धरलेला दुसरा खिळा काढी. अनोळखी लोकांना तो आळस वाटे. ती थांबण्याची सवय कुठून आली हे मला ठाऊक आहे, म्हणून सुतारकामाचा आवाज आला की मी आजही भराभरा पुढे निघून जाते.

तेव्हा माझे यजमान मोहर्लीच्या जंगलात वनखात्याचे नाकेदार होते आणि लक्ष्मणभाऊंचं घर आमच्या नाक्याला लागून होतं. चैत्रातल्या त्या पहाटा मोहाच्या गोड, जड वासाने भरलेल्या असत. एरवी फुलं वेचायला सगळ्यांच्या आधी निघणारी त्यांची बायको कौशी त्या वर्षी खाटेवरून उठलीच नाही. ताप हाडांत मुरला होता आणि भांडं नुसतं खाली ठेवलं तरी ती दोन्ही हातांनी डोकं दाबून धरी. त्यातच मोहाच्या फुलांना चटावलेल्या वानरांनी उड्या मारमारून घरावरचे कवेलू, म्हणजे कौलं, फोडले. तिच्या अंगावर दुपारचं ऊन थेट पडू लागलं तेव्हा वानरांना पुरून उरतील अशा सागाच्या पातळ फळ्याच छपराला बसवायच्या, असं भाऊंनी ठरवलं.

फळ्या तासून झाल्या आणि माणूस अडला तो तिथे. खिळा मारावा तर तो घट्ट बसे, पण प्रत्येक घावाबरोबर सारं छप्पर दणाणे आणि खाली कौशी कळवळे. तार वाकवून केलेले दुपायी आकडे कापड गुंडाळलेल्या लाकडी मोगरीने हळूच दाबून बसवता येत, पण त्यांची पकड वाऱ्यापुढे टिकणारी नव्हती. "तोवर तिला आमच्याकडे आणा," मी म्हटलं. पण आजारी माणसाला त्याच्या घरच्या आढ्याखालून हलवायचं नाही, अशी त्यांच्यात रीत होती.

"इथून उचललं न् वाटंतच काई झालं, तं तिचा जीव कोन्त्या घरी येईन, बाई?" एवढं बोलून ते एका तळहातावर खिळा आणि दुसऱ्यावर आकडा घेऊन अंगणात कितीतरी वेळ बसून राहिले. इतका हतबल पुरुष मी तोवर पाहिला नव्हता आणि खरं सांगते, मला त्यांचा रागच आला. कसलं एवढं ठरवायचं आहे, असं वाटलं.

शेवटी त्यांनी आकडे निवडले. माया निवडली, असं मी आज म्हणेन. छप्पर निमूटपणे चढलं, कौशीला सावलीत दोन घटका झोप लागू लागली आणि भाऊंच्या कपाळावरची आठी जरा सैल झाली.

वैशाखातल्या एका दुपारी वावटळ आली आणि अर्ध्या फळ्या पाचोळ्यासारख्या उडवून घेऊन गेली. वारा पडल्यावर मी धावत गेले, तर तिच्या पांघरुणावर धूळ आणि आकडेच आकडे पडलेले. भाऊ तिच्या पायाशी बसून लहान मुलासारखे रडत होते. तिने डोळे उघडले.

"खिळेच ठोका जी आता," ती म्हणाली. "मले आवाज पाह्यजे. तुमी कुठी आहा, थे तं समजते."

"तुले तरास होते ना वो."

"होऊ द्या. मी आयकून राह्यली, हे तुमाले समजाले मी कडं वाजवीन."

उडालेल्या फळ्या गोळा करून भाऊ वर चढले. मी तिच्या उशाशी बसले. वर एक खिळा बसे, खाली ती हातातलं चांदीचं कडं खाटेच्या लाकडावर एकदा आपटी आणि ते ऐकूनच भाऊ पुढचा खिळा घेत. एवढ्या तापातही तिच्या ओठांवर नव्या नवरीचं हसू होतं. उन्हं कलली, फळीला फळी भिडत गेली, आणि आमच्यावरचं आभाळ ओळीओळीने मिटत आलं.

मग एका घावाला उत्तर आलं नाही. वरची हातोडी थांबली. पुन्हा एक घाव पडला, आधीपेक्षा हळू. मी तिचा हात हातात घेतला आणि मला कळलं. भाऊ खाली उतरले नाहीत. आढ्याजवळची शेवटची ओळ उरली होती, ती त्यांनी पुरी केली, प्रत्येक खिळ्यामागे थांबत, कान देत. तिचा जीव तिच्याच आढ्याखाली गेला होता आणि त्या आढ्यावर आता उघडी जागा राहता कामा नये, एवढंच त्यांच्या हातात होतं.

त्यानंतर पुष्कळ पावसाळे गेले, पण त्या छपरातली एकही फळी हलली नाही. लक्ष्मणभाऊ मात्र जिथे जिथे काम करत, तिथे दोन घावांच्या मधे तेवढी जागा तिच्यासाठी मोकळी ठेवत. आणि सगळं घेऊन जाणारा काळ ती एवढीशी जागा अखेरपर्यंत भरू शकला नाही.